क्लॉपच्या नावानं ग्रुप फोडू नका : सांगली-मिरजेच्या लिव्हरपूलवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांतले सगळे लिव्हरपूलवाले

मंडळी, नमस्कार.

इंग्लंडमधल्या आपल्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा मॅनेजर युर्गन क्लॉप क्लब सोडून गेल्याला बराच काळ लोटला, तरी त्याच्यावरून आपल्यात वाद पेटायला आजही एक वाक्य पुरतं. त्यात गैर काही नाही. साडेआठ वर्षं ज्या माणसानं आपल्या शनिवार-रविवारच्या रात्री ताब्यात ठेवल्या, त्याच्याबद्दल आपण बोलणारच. पण गेल्या महिन्यात बोलणं थांबलं आणि फोडाफोडी सुरू झाली. मोबाइलवरच्या एका ग्रुपचे दोन झाले. एकात क्लॉपला मानणारे, दुसऱ्यात ‘क्लॉपपुराण पुरे करा’ म्हणणारे. आता कॉलेज कॉर्नरजवळच्या हॉलवर एकत्र मॅच बघणं बंद करून दोन वेगळ्या जागा घ्यायचं घाटतंय. एकेकाला फोन करून, गाठून, समजावून झालं. कुणी ऐकेना. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

मी कोणत्या बाजूचा, ते आधीच सांगतो. मी क्लॉपचा माणूस आहे. माझ्या पाहण्यात लिव्हरपूलला त्याच्याइतका मोठा मॅनेजर मिळाला नाही, आणि हे मत बदलेल असं मला वाटत नाही. पण त्याच्याच नावावर आपला ग्रुप फुटावा हे मला सहन होत नाही. त्या माणसानं लिव्हरपूलला येऊन सगळ्यात आधी काय केलं असेल, तर माणसं एकत्र बांधली. गोल आणि कप त्याच्यानंतर आले.

आधी आक्षेपांचं बोलू, कारण ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. वालचंद कॉलेजची पोरं विचारतात, साडेआठ वर्षांत इंग्लंडची लीग किती वेळा जिंकली? एकदाच. 2019-20 साली, 99 गुण मिळवून. मोठ्या फायनल हरला का? हरला. 2016 मध्ये लीग कपची फायनल मँचेस्टर सिटीकडून पेनल्टीवर गेली, त्याच वर्षी बाझेलला युरोपा लीगची सेव्हियाकडून. चॅम्पियन्स लीगची फायनल रेआल माद्रिदनं दोनदा हिसकावली, 2018 मध्ये कीव्हला आणि 2022 मध्ये पॅरिसला. 2022-23 च्या हंगामात आपलं मिडफिल्ड थकलंय हे हॉलवरच्या मागच्या रांगेलाही दिसत होतं, तरी ते वेळेवर बदललं गेलं नाही. पाचव्या नंबरवर आलो आणि पुढच्या वर्षीची चॅम्पियन्स लीग हुकली. मिडफिल्डचा हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. वर्षभर आधी दोन तरणी पोरं आणली असती तर ते वर्ष वाया गेलं नसतं. निरोपाच्या हंगामातला एप्रिल तर आठवायला नको वाटतो. इटलीच्या अटालांटाकडून घरच्या मैदानावर 0-3, क्रिस्टल पॅलेसकडून 0-1, एव्हर्टनकडून 0-2. चार कप मिळतील अशी स्वप्नं बघत होतो, हाती आला तो फेब्रुवारीत जिंकलेला लीग कप.

पण ‘एकदाच’ म्हणताना दुसऱ्या दोन वर्षांचे आकडेही शेजारी मांडा. 2018-19 मध्ये 97 गुण, अख्ख्या लीगमध्ये एकच पराभव, तरी दुसरे. सिटीचे 98. तो एकमेव पराभव सिटीच्याच मैदानावर, 3 जानेवारी 2019 ला. त्या मॅचमध्ये जॉन स्टोन्सनं गोललाइनवरून काढलेला चेंडू पूर्ण आत जायला 11.7 मिलिमीटर कमी पडला होता. 2021-22 मध्ये पुन्हा तेच. आपले 92, त्यांचे 93. म्हणजे दोन हंगामांत मिळून दोन गुणांनी दोन लीग गेल्या. जमेला मग 2019 ची चॅम्पियन्स लीग, त्याच वर्षीचा सुपर कप आणि क्लब वर्ल्ड कप, 2020 ची लीग, 2022 चा एफए कप, 2022 आणि 2024 चे लीग कप. कम्युनिटी शील्ड मोजायची त्यांनी मोजावी.

तरी मला विचाराल तर कपांच्या बेरजेनं हा वाद सुटणार नाही. फर्ग्युसन, ग्वार्डिओला, आपलाच बॉब पेस्ली अशा मोठ्या मॅनेजरांशी बेरीज लावत बसलो तर पहाट होईल. क्लॉपनं नेमकं काय केलं हे बघायचं असेल तर 2015 च्या नोव्हेंबरात जावं लागतं. तेव्हा आपला संघ दिसायला साधा होता आणि लिव्हरपूलच्या लोकांचा आपल्याच संघावरचा विश्वास उडालेला होता.

ऑक्टोबरमध्ये तो आला तेव्हा आपण लीगमध्ये दहावे होतो. पहिल्याच पत्रकार परिषदेत त्यानं मागितलं ते लोकांकडं मागितलं. शंका सोडा आणि विश्वास ठेवायला लागा. ऐकायला बरं वाटलं, पण कुणी मनावर घेतलं नाही. महिनाभरानं क्रिस्टल पॅलेसची मॅच होती. 82व्या मिनिटाला पॅलेसनं गोल केला, स्कोअर 1-2 झाला आणि आपल्या घरच्या मैदानावरची, ॲनफिल्डवरची माणसं उठून घरी निघाली. अजून दहा-बारा मिनिटांचा खेळ शिल्लक होता. मॅच संपल्यावर क्लॉप म्हणाला, त्या क्षणी मला फार एकटं वाटलं. लोकांना दोष न देता त्यानं हेही सांगितलं की, शेवटच्या शिट्टीपर्यंत काहीही घडू शकतं असं लोकांना वाटायला लावणं हे आमचं काम आहे.

डिसेंबरात वेस्ट ब्रॉमविरुद्ध आपण 1-2 मागं होतो. या वेळी लोक थांबले. 96व्या मिनिटाला ओरिगीचा फटका कुणाला तरी लागून आत गेला आणि 2-2 झाले. मॅच संपल्यावर क्लॉपनं अख्ख्या संघाला हातात हात धरून कट्टर चाहत्यांच्या कॉप स्टँडसमोर नेलं आणि वाकून आभार मानायला लावले. इंग्लंडभर त्याची टर उडवली गेली. घरच्या मैदानावर वेस्ट ब्रॉमशी बरोबरी आणि वर एवढा सोहळा, असं लोक म्हणाले. तो सोहळा बरोबरीचा नव्हताच. तो थांबलेल्या माणसांसाठी होता. माझ्या मते पुढं जे काही झालं त्याची पायाभरणी त्या संध्याकाळी झाली. बार्सिलोनाच्या मॅचचं कौतुक सगळेच करतात, पण त्या 2-2 ची आठवण काढणारे कमी, म्हणून इथं मुद्दाम लिहितोय.

कुस्तीचं मैदान बघा. शेवटची जोड निकाली होईपर्यंत कडं सोडून कुणी उठत नाही, आणि खालच्या पैलवानालाही माहीत असतं की माणसं उठलेली नाहीत. हिंदकेसरी मारुती माने यांच्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार बघायला आपल्यातले किती जण जातात! गर्दीमुळं पायांत बळ येतं हे त्यांनी तिथं डोळ्यांनी पाहिलंय. क्लॉपनं हे आपल्या खेळातच बसवलं. चेंडू गेला की माघारी पळायचं नाही, पाच-सहा सेकंदांत तीन-चार जणांनी मिळून तिथल्या तिथं परत हिसकावायचा. असा चेंडू हिसकावला की स्टँडमधून गोल झाल्यासारखी आरोळी उठायची. त्या आरोळीवर पुढची धाव निघायची. खेळाडू दमायचे तेव्हा लोक ओरडायचे, लोक गप्प व्हायचे तेव्हा खेळाडू एखादा टॅकल करून त्यांना उठवायचे. तो बाहेर उभा राहून हात हलवून स्टँडला उठवायचा, ते बघून काहींना तो नाटकी वाटायचा. मला तो कामावर असलेला माणूस दिसायचा.

आता जल्लोषाचं. हे लिहायला मला फार आवडणार आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

23 जानेवारी 2016, नॉर्विच. आपल्याकडं शनिवारची संध्याकाळ. एका टप्प्यावर 1-3 मागं, तिथून 4-3 पुढं, 92व्या मिनिटाला नॉर्विचनं 4-4 केलं आणि 95व्या मिनिटाला लालानाचा गोल. सगळा संघ क्लॉपच्या अंगावर कोसळला आणि त्याचा चष्मा फुटला. चष्मा शोधायचा तर डोळ्यांवर चष्मा लागतो, असं तो नंतर हसत म्हणाला होता. ज्यांनी ती मॅच पाहिली नाही त्यांनी फक्त तो ढीग बघावा. मॅनेजर कोण, बदली खेळाडू कोण, काही कळत नाही.

त्याच वर्षी 14 एप्रिलला डॉर्टमुंड, त्याचाच जुना क्लब. पहिल्या नऊ मिनिटांत 0-2, नंतर 1-3. दोन मॅचच्या लढतीतली पहिली त्यांच्याकडं 1-1 झाली होती, आणि बेरीज सारखी झाली तर बाहेरच्या मैदानावरचे गोल जास्त धरले जायचे, म्हणजे आता तीन गोल हवे होते. कुटिन्यो, साको आणि 91व्या मिनिटाला लोव्हरेनचं डोकं. 4-3. मध्यंतरात त्यानं पोरांना सांगितलं होतं की, नातवंडांना सांगता येईल असं काहीतरी करून या. आपल्याकडं तेव्हा रात्रीचे अडीच वाजत आले होते. घरात सगळे झोपलेले. मी उशीत तोंड खुपसून ओरडलो. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी त्या रात्री हेच केलंय, हे मला पुढं हॉलवर एकेकानं सांगितलं.

एव्हर्टनची डर्बी, 2 डिसेंबर 2018. रविवार, आपल्या वेळेनं पावणेदहाची मॅच, त्यामुळं जेवणं उरकून पोराबाळांसकट सगळे हजर. 0-0. 96व्या मिनिटाला व्हॅन डाइकनं वैतागून मारलेला चेंडू उंच हवेत गेला, तो स्वतः पाठ फिरवून चालायला लागला, चेंडू क्रॉसबारवर पडला, पिकफर्डच्या हातून निसटून पुन्हा बारवर आणि ओरिगीच्या डोक्यावर. क्लॉप थेट मैदानात धावत सुटला आणि ॲलिसनच्या गळ्यात पडला. 8,000 पौंड दंड झाला. आपल्या हॉलवर भडंगाची परात उडाली, पंख्यात अडकलेला मफलर आठवड्यानं काढला, आणि आयुष्यात कधी फुटबॉल न पाहिलेल्या खालच्या मजल्यावरच्या काकू काय झालं म्हणून वर आल्या त्या खुर्चीवर बसून चहा घेऊनच गेल्या. पुढं कितीतरी मॅचना त्या आल्या. आज ‘तू कधीपासूनचा फॅन’ असं पोरांना दरडावून विचारणाऱ्यांनी काकूंना हा प्रश्न विचारला होता का?

बार्सिलोनाबद्दल काय लिहू? 7 मे 2019, आपल्याकडं उजाडता बुधवार. चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलची पहिली मॅच 0-3 हरलेली, सालाह नाही, फिर्मिनो नाही. हॉलवर मोजकेच लोक. ओरिगी, मग दोन मिनिटांत वायनाल्डमचे दोन, आणि 79व्या मिनिटाला तो कॉर्नर. ट्रेंट चेंडू ठेवून निघाला, वळला आणि मारला. बार्सिलोनाचे सगळे दुसरीकडं बघत होते, ओरिगी एकटा चेंडूकडं बघत होता. बॉलबॉयनं चेंडू झटकन दिला म्हणून ते जमलं. मैदानाबाहेरच्या पोरानंसुद्धा सामना सोडलेला नव्हता! आपला एक भाऊ त्या रात्री कुपवाड एमआयडीसीत नाइट शिफ्टला होता. प्रत्येक गोलला त्याला फोन करायचं ठरलं होतं. चौथ्या गोलला मी फोन लावला आणि मला बोलताच येईना. पलीकडून तो एवढंच म्हणाला, ‘कळलं.’ महिन्याभरात माद्रिदला फायनल जिंकली त्या रात्री कुणीतरी हलगी आणली होती. पहाटे साडेतीनला आयर्विन पुलावर हलगीच्या तालावर नाचणारी माणसं बघून गस्तीवरच्या हवालदारांनी विचारलं, कुणाची मिरवणूक? आम्ही सांगितलं. त्यांनी दोन मिनिटं नाचू दिलं आणि मग घरी पिटाळलं.

आणि मग त्याच वर्षीचा ऑगस्ट. हे वाचणाऱ्या सांगलीकराला तारीख सांगायला नको. कृष्णा आयर्विन पुलाशी 57 फुटांवर गेली, निम्मं शहर पाण्यात. आपल्यातल्या कितीतरी जणांची घरं बुडाली. पाणी ओसरत असताना, 14 ऑगस्टच्या रात्री इस्तंबूलला चेल्सीविरुद्ध सुपर कपची फायनल होती. विश्रामबागेत ज्याचं घर कोरडं होतं तिथं तीन कुटुंबं मुक्कामाला आलेली. त्यांच्यातच आम्ही काही जण दिवसभर चिखल उपसून तसेच बसलो. मॅच पेनल्टीपर्यंत गेली आणि आठ-दहा दिवसांपूर्वी क्लबात आलेल्या आद्रियाननं शेवटची पेनल्टी पायानं अडवली. आत लेकरं झोपलेली म्हणून कुणी आवाज केला नाही. एकमेकांचे खांदे घट्ट धरून उभे राहिलो. त्या खोलीत जे होते त्यांतले दोघं आज दोन वेगळ्या ग्रुपचे ॲडमिन आहेत. दोघांनाही मी हे वाक्य पुन्हा वाचायला सांगतो.

30 वर्षांनी लीग मिळाली ती 25 जून 2020 ला, लॉकडाउनमध्ये. आपण खेळतही नव्हतो, चेल्सीनं सिटीला 2-1 हरवलं आणि आपण चॅम्पियन झालो. घराघरात एकेकटे. व्हिडिओ कॉलवर चौकोनी चौकोनी चेहरे रडत होते. ज्या माणसानं गर्दीला संघाचा भाग केलं त्याला लीगचा कप रिकाम्या स्टेडियममध्ये उचलावा लागला, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढच्या हंगामात त्याची किंमत दिसली. व्हॅन डाइक, गोमेझ, मॅटिप तिघंही दुखापतीनं उरलेल्या हंगामासाठी गेले हे कारण मोठंच होतं. पण 68 लीग मॅच घरच्या मैदानावर न हरलेला संघ रिकाम्या ॲनफिल्डवर ओळीनं सहा हरला. क्लबच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. गर्दीचं काय काम असतं, याला याहून स्पष्ट पुरावा मला दाखवता येणार नाही. त्यातही 16 मे 2021 ला वेस्ट ब्रॉमच्या मैदानावर 95व्या मिनिटाला ॲलिसन कॉर्नरला पुढं गेला आणि डोक्यानं गोल केला. गोलकीपर! फेब्रुवारीत त्याचे वडील गेले होते. गोल झाल्यावर त्यानं आभाळाकडं हात केले. रिकाम्या स्टेडियममध्ये फक्त सोबत्यांचे आवाज ऐकू येत होते आणि ते आपल्याला इकडं स्पष्ट ऐकू येत होते.

एक आठवण लिहू की नको असं वाटत होतं. 30 एप्रिल 2023, टॉटनहॅम. पंधरा मिनिटांत 3-0 पुढं, 93व्या मिनिटाला 3-3. आणि पुढच्याच मिनिटाला आपला दिओगो जोटा. चुकलेला पास हेरून धावत गेला आणि गोलकीपरच्या बाजूनं चेंडू सारला. 4-3. क्लॉप चौथ्या पंचाच्या अंगावर धावून जल्लोष करायला गेला आणि तिथंच मांडीचा स्नायू ओढला गेला, लंगडत परतला. त्या वेळी सगळे क्लॉपचं लंगडणं पुन्हा पुन्हा बघत होते. ते वागणं बरं नव्हतं, पंचाशी तसं करू नये, हे त्याच्या चाहत्यानंही म्हटलं पाहिजे. पण आता ती क्लिप लागली की माझी नजर क्लॉपवर जात नाही. 3 जुलै 2025 ला स्पेनमध्ये झालेल्या अपघातात जोटा आणि त्याचा भाऊ दोघंही गेले. त्याचा 20 नंबर क्लबनं कायमचा राखून ठेवला. विसाव्या मिनिटाला ॲनफिल्ड त्याच्यासाठी गातं तेव्हा आपल्या हॉलवरही सगळे उभे राहतात, क्लॉपवाले आणि त्याच्यानंतर मॅनेजर झालेल्या स्लॉटचे स्लॉटवाले एकत्र. दोन हॉल झाले तर एकाच शहरात दोन ठिकाणी उभे राहणार का आपण?

आता स्लॉटचं. खरं भांडण इथंच आहे. आर्ने स्लॉट आला आणि पहिल्याच वर्षी लीग जिंकली. 2024-25, चार मॅच राखून. क्लबची विसावी लीग. त्यावर एक बाजू म्हणाली, बघा, तुमच्या क्लॉपला जे साडेआठ वर्षांत एकदा जमलं ते यानं पहिल्या फटक्यात केलं. दुसरी म्हणाली, संघ क्लॉपचा होता, याचं काय? मग 2025 च्या शरदात पैशांचा पाऊस पाडून इसाक, विर्ट्झ, एकिटिके आणूनही संघ कोसळला, नोव्हेंबरात घरच्या मैदानावर फॉरेस्टकडून 0-3 आणि चारच दिवसांत पीएसव्हीकडून 1-4 खाल्ले, तेव्हा पहिली बाजू गप्प झाली आणि दुसरीनं ‘क्लॉपला परत आणा’चा घोष लावला. एकमेकांच्या घरच्यांपर्यंत बोलणं गेलं. हे मी स्वतः वाचलंय आणि मला लाज वाटली.

दोन्ही बाजूंना एकेक गोष्ट मान्य करावी लागेल. त्या विसाव्या लीगमधले जवळजवळ सगळे खेळाडू क्लॉपनं ठेवून गेलेले. स्लॉटनं पहिल्या उन्हाळ्यात खेळायला आणला तो एकटा किएझा, आणि तोही फारसा खेळला नाही. त्याच वेळी ग्राव्हेनबर्खला बचावफळीच्या पुढ्यात उभं करून त्याच्याभोवती संघ फिरवला तो स्लॉटनंच. क्लॉपच्या हाताखाली वर्षभर तो पोरगा आत-बाहेर होता. धावाधाव थोडी कमी करून चेंडू सांभाळून खेळणं, हंगामाच्या शेवटीही पायांत दम राहणं, हे स्लॉटचं होतं. एकानं घर बांधलं आणि दुसऱ्यानं त्यात दिवे लावले यात कुणाचा अपमान होतो, हे मला समजत नाही.

आणि क्लॉपचं स्वतःचं म्हणणं काय होतं? निरोपाच्या दिवशी वुल्व्ह्जची मॅच संपली, तो माइक घेऊन मैदानाच्या मधोमध उभा राहिला. स्टेडियम त्याच्यासाठी रडत होतं. त्या माणसानं काय करावं? त्यानं लोकांना स्लॉटच्या नावाचा घोष शिकवला. अजून क्लबात पाऊलही न ठेवलेल्या माणसाच्या नावाचा! माझ्यावर जसा विश्वास ठेवलात तसा पहिल्या दिवसापासून त्याच्यावर ठेवा, असं सांगितलं. करार 2026 पर्यंतचा होता, पण अंगातलं बळ संपत चाललंय म्हणून 26 जानेवारी 2024 लाच त्यानं जाणार असल्याचं जाहीर केलं होतं. ते मधूनच सांगायला नको होतं असं आपल्यातले काही म्हणतात. मला वाटतं सांगितलं ते चांगलं केलं. नवा माणूस नीट शोधायला क्लबला वेळ मिळाला आणि आपल्यालाही निरोप देता आला. वर्षभरानं, 27 एप्रिल 2025 ला, टॉटनहॅमला 5-1 हरवून लीग पक्की झाली, तेव्हा स्लॉटनं माइक हातात घेतला आणि त्याच चालीवर क्लॉपच्या नावाचा घोष केला. ज्या दोन माणसांवरून आपण सांगलीत तोंडं फिरवली, ती दोघं हजारो लोकांसमोर एकमेकांची नावं गात होती. क्लॉपचा चाहता म्हणवून घेणाऱ्यानं स्लॉटला शिव्या घालण्यासाठी क्लॉपचं नाव वापरावं, हे मला क्लॉपशी बेइमानी वाटतं. हा शब्द जड आहे, पण मी तो मागं घेणार नाही.

तो आता मॅनेजर नाही, रेड बुलमध्ये फुटबॉलचं वेगळं काम बघतो. तेही आपल्यातल्या काहींना झोंबलंय. मला त्यात रस नाही. त्यानं आपलं काम पुरं केलं.

आता करायचं काय ते सांगतो. दोन्ही ॲडमिननी या आठवड्यात बसून जुना ग्रुप पुन्हा सुरू करावा, नवे दोन्ही बंद करावेत. घरच्यांवरून बोललेले शब्द ज्यांनी लिहिले त्यांनी ज्याला लिहिले त्याला भेटून माफी मागावी, ग्रुपवर नको. वाद चालू राहू द्या. मी स्वतः मिडफिल्डवरून पुढची दहा वर्षं भांडायला तयार आहे. फक्त तो वाद हॉलवर, समोरासमोर, मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत. पोरांना ‘2019 नंतर आलास ना’ असं कुणी म्हणायचं नाही. पोरांनीही जुन्यांनी काढलेल्या आठवणींना ‘पुराण’ म्हणायचं नाही. मागं पडलो की 80व्या मिनिटाला गाड्या काढून निघायची सवय अलीकडं लागलीय. सकाळी कामाला जायचं असतं हे मला कळतं. ज्याला जायचंय त्यानं मध्यंतरातच निघावं, पण दुसरा हाफ सुरू झाल्यावर बसलेल्यानं शिट्टीपर्यंत बसावं.

हॉलच्या मालकांशी मी बोललोय. रात्री अकरानंतर हलगी नाही, खिडक्या बंद, आणि मॅच झाल्यावर खाली रस्त्यात थांबायचं नाही, एवढ्या अटींवर ते जागा द्यायला तयार आहेत. तीन महिन्यांचं भाडं एकदम भरायचंय. ते एकाच नावानं भरलं जाईल, वाटणी होणार नाही. पैसे रविवारच्या मॅचआधी हॉलवर जमा करू. चाव्या माझ्याकडं आहेत, मी तासभर आधी उघडून ठेवतो. दोन्ही ॲडमिननी पंधरा मिनिटं लवकर या, प्रोजेक्टर लावायला दोन माणसं लागतात.

आपला,
हॉलवरचा एक जुना लिव्हरपूलवाला
सांगली